बर्ग ३८ वरून ४२ : सुधारणा की मोजणीतला फरक?

खुब्याचे ऑपरेशन झालेल्या किंवा लकव्यातून सावरणाऱ्या सत्तरीतल्या रुग्णाच्या केसपेपरवर दोन आकडे असतात. बर्ग या तोलाच्या चाचणीत ५६ पैकी सुरुवातीला ३८, तीन आठवड्यांनी ४२. घरचे विचारतात, ‘‘बाबा आता एकटे न्हाणीत जाऊ शकतील ना?’’ कागदावर ‘चांगली सुधारणा’ असा शेरा पडतो आणि वॉकर सुटतो. पण ३८ च्या आसपासच्या ज्येष्ठाला दोन दिवस ओळीने तपासले, मध्ये एकही व्यायाम दिला नाही, तरी चार गुणांचा फरक पडू शकतो. त्या बाबांचा तोल खरोखर सुधारला असेलही, पण या दोन आकड्यांवरून तसे छातीठोकपणे सांगता येत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या फिजिओथेरपी विभागांत, छोट्या क्लिनिकमध्ये आणि घरी जाऊन उपचार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. फोर्स प्लेट किंवा संगणकी तोलयंत्र बहुतेकांकडे नसते, आणि त्यावाचून अडतही नाही. स्टॉपवॉच, स्टीलची टेप, एक खुर्ची, एक पायरी आणि काटेकोरपणा एवढ्यावर भरवशाची मोजणी होते. यांत काटेकोरपणाच सगळ्यात कमी पडतो, म्हणून बहुतेक मजकूर त्याच्याबद्दलच आहे.

भरवसा कशाचा?

चाचणीची विश्वासार्हता तीन ठिकाणी तपासावी लागते. एकाच परीक्षकाने त्याच रुग्णाला थोड्या दिवसांनी पुन्हा तपासले तर आकडा किती हलतो? दोन परीक्षकांनी एकाच रुग्णाला तपासले तर किती फरक पडतो? आणि रुग्ण स्वतः दिवसागणिक किती बदलतो? हा तिसरा फरक परीक्षकाच्या हातात नसतो. तो मान्य करून हिशेबात धरायचा असतो.

शोधनिबंधांत हे सगळे आयसीसी नावाच्या एका आकड्यात मांडलेले असते. तो ० ते १ च्या दरम्यान असतो. ०.७५ च्या वर चांगला आणि ०.९ च्या वर उत्तम, असे साधारण मानतात. बर्गचा आयसीसी बहुतेक अभ्यासांत ०.९५ च्या पुढे येतो आणि तिथेच वाचणारा निर्धास्त होतो. पण आयसीसी सांगतो तो एवढेच की ही चाचणी एका रुग्णाला दुसऱ्यापासून किती नीट वेगळे काढते. अभ्यासात अगदी अंथरुणाला खिळलेले आणि धडधाकट फिरणारे असे दोन्ही टोकांचे रुग्ण घेतले तर आयसीसी आपोआप फुगतो. समोरच्या एका रुग्णाचा आकडा किती गुणांनी खालीवर होईल, हे त्यातून थेट कळत नाही.

ते कळण्यासाठी मोजणीची त्रुटी गुणांत काढावी लागते. सूत्र सोपे आहे. गटातल्या गुणांचे प्रमाण विचलन घ्या आणि त्याला (१ वजा आयसीसी) च्या वर्गमुळाने गुणा. प्रमाण विचलन ८ आणि आयसीसी ०.९७ असेल तर त्रुटी येते सुमारे १.४ गुण. तिला २.७७ ने गुणले की ३.८. हा झाला ‘किमान ओळखता येणारा बदल’, म्हणजे एमडीसी. त्यापेक्षा कमी फरक पडला तर तो ९५ टक्के खात्रीने खरा म्हणता येत नाही. आता आयसीसी ०.९० धरा, प्रमाण विचलन तेच ठेवा. त्रुटी २.५ आणि एमडीसी ७ गुण! कागदावर ०.९० हा आकडा झकास दिसतो, पण प्रत्यक्षात सहा गुणांची ‘सुधारणा’ही त्यात बुडून जाते.

आणखी एक सापळा आहे. पदव्युत्तर प्रबंधांत अजूनही दोन परीक्षकांच्या गुणांचा नुसता सहसंबंध, म्हणजे पिअर्सनचा आर, काढून ‘विश्वासार्हता सिद्ध’ असे लिहिलेले सापडते. एका परीक्षकाने प्रत्येक रुग्णाला दुसऱ्यापेक्षा नेमके चार गुण जास्त दिले तरी आर पूर्ण १ येतो. आयसीसी काढतानाही ‘पूर्ण सहमती’चा प्रकार निवडा, ‘सुसंगती’चा नको. सुसंगतीच्या प्रकारातही असा सरसकट फरक झाकला जातो.

कोणत्या रुग्णाला कोणती चाचणी

चुकीच्या रुग्णाला दिलेली चाचणी कितीही नीट घेतली तरी काही सांगत नाही. बर्गमध्ये १४ कृती असतात, प्रत्येकीला ० ते ४, एकूण ५६. चालणे त्यात नाही. आधाराने उभा राहू शकणारा, वॉकर किंवा काठीवरचा रुग्ण हा बर्गचा खरा रुग्ण. जो एकटा बाजारात जाऊन येतो त्याला पहिल्याच दिवशी ५३-५४ पडतात आणि मग वर सरकायला जागाच उरत नाही. अशा रुग्णाला मिनी-बेस्टेस्ट द्या. त्यातही १४ कृती असतात, पण एकूण गुण २८. अचानक धक्का सोसणे, फोमवर डोळे मिटून उभे राहणे, चालता चालता मान वळवणे असे अवघड प्रसंग त्यात आहेत. तोलाचे विकार असलेल्या रुग्णांत त्याचा एमडीसी ३.५ गुण मिळाला आहे. उलट, ज्याला बसल्या बसल्याही तोल राखता येत नाही अशा लकव्याच्या रुग्णाला सुरुवातीला पास ही १२ कृतींची, ३६ गुणांची चाचणी जास्त बोलकी ठरते.

टाइम्ड अप अँड गो, म्हणजे टीयूजी, यात खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते मोजतात. ती सगळ्यांना आवडते कारण दोन मिनिटांत होते. पण ज्याला उठून चालताच येत नाही त्याचा आकडाच येत नाही, आणि मग नोंदवहीत रिकामी जागा राहते. रिकामी जागा सोडू नका. ‘उठता आले नाही’ किंवा ‘दोघांच्या आधाराने उठले, चालणे थांबवले’ असे लिहा. सुधारणा मोजताना तीच नोंद पहिली पायरी ठरते.

एक गोष्ट यांतल्या कुठल्याच चाचणीत नाही आणि आपल्याकडे ती फार महत्त्वाची आहे. ती म्हणजे जमिनीवरून उठणे. खान्देशातल्या गावांत म्हातारी माणसे ओट्यावर किंवा फरशीवर मांडी घालून बसतात, जेवतात, झोपतात. बर्गमध्ये ५० मिळवणारी आजी जमिनीवरून उठताना भिंतीला धरते. जमिनीवरून उठायला लागलेले सेकंद आणि आधार कशाचा घेतला, हे वेगळे नोंदवा. पण हे गुण बर्गच्या बेरजेत मिसळू नका. मिसळले की जगातल्या कुठल्याच आकड्याशी तुमचा आकडा ताडून पाहता येणार नाही.

खोली, खुर्ची, फरशी

टीयूजीच्या मूळ पद्धतीत, १९९१ पासून, हातांची खुर्ची आहे. बैठक जमिनीपासून सुमारे ४६ सेंमी, हात सुमारे ६५ सेंमी. ओपीडीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या इथे चालत नाहीत. त्यांची बैठक वजनाखाली दबते, पाय फाकतात आणि गुळगुळीत टाइलवर खुर्ची मागे सरकते. उठायला एक-दीड सेकंद जास्त लागतो आणि खापर रुग्णाच्या पायांवर फुटते. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या, पाठ भिंतीला टेकवा, तिच्यावर रंगाने ‘चाचणी’ असे लिहा आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊ देऊ नका. गादी घातली असेल तर माणूस बसल्यावरची उंची मोजा.

तीन मीटरची रेघ खुर्चीच्या पुढच्या पायांपासून स्टीलच्या टेपने मोजा. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. चिकटपट्टी रोजच्या पुसण्याने आठवड्याभरात निघते आणि मग कोणीतरी अंदाजाने नवी लावतो. ऑइलपेंटची रेघ एकदा मारून ठेवा. फरशी कोरडी असली पाहिजे. पुसल्यावर पंखा लावून पूर्ण वाळू द्या, नाहीतर रुग्ण घाबरून पावले आखडतो.

बर्गमधल्या पायरीसाठी नेहमीच्या जिन्याच्या पायरीएवढे, १८ ते २० सेंमी उंचीचे, न हलणारे लाकडी स्टूल ठेवा. उंची मोजा आणि फॉर्मवर लिहा. एका केंद्रात १५ आणि दुसऱ्यात २२ सेंमी असेल तर बदली होऊन आलेल्या रुग्णाचे गुण तुलनेला घेता येत नाहीत.

पायांत काय घालायचे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आकडे हलवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. झिजलेली रबरी स्लिपर, कडक चामडी चप्पल आणि अनवाणी या तिन्हींत एकाच माणसाचे गुण वेगळे पडतात. बर्गसाठी सगळ्यांना अनवाणी तपासायचे की रोजच्या पादत्राणात, हे विभागाने एकदा ठरवावे. टीयूजी रोजच्या पादत्राणात आणि रोजच्या काठीसह घेतात. दोन्ही वेळा तेच असल्याची नोंद करा. मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेलेल्या रुग्णाला अनवाणी तपासण्याआधी तळवे पाहून घ्या, भेग किंवा जखम असेल तर अनवाणी नको.

लुगड्याचेही तसेच. पायघोळ सहावारीच्या निऱ्या पायरीवर पाऊल टेकवण्याच्या आणि एकामागे एक पाऊल ठेवण्याच्या कृतीत पायाखाली येतात. निऱ्या घोट्याच्या वर खोचून घ्यायला सांगा, आणि पहिल्या वेळी खोचल्या असतील तर दुसऱ्या वेळीही खोचा. धोतराचा सोगाही वर घ्या. संकोच वाटू नये म्हणून पडदा आणि शक्यतो महिला सहायक हवी.

चाचणीआधीचा अर्धा तास

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पट्ट्यातून सकाळी एसटीने निघालेला रुग्ण दुपारी बारा-एकला तुमच्यासमोर येतो तेव्हा त्याच्या अंगातले पाणी कमी झालेले असते, पाय सुजलेले असतात, पोटात काही नसते. हाच रुग्ण तीन आठवड्यांनी जवळच्या नातेवाइकाकडून सकाळी नऊला आला की चार गुण जास्त मिळवतो. व्यायामाचा यात काही हात नसतो. म्हणून पहिली आणि पुढची चाचणी दिवसाच्या एकाच प्रहरात घ्या, उन्हाळ्यात दहाच्या आत. लांबून आलेल्याला पाणी द्या, निदान २० मिनिटे सावलीत बसवा.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार यांची चौकशी जरूर करा. ‘‘आज उपास आहे का?’’ हा प्रश्न फॉर्मवर छापा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या उपाशी रुग्णाची चाचणी त्या दिवशी घेऊच नये.

मग रक्तदाब. आडवे झोपवून पाच मिनिटांनी मोजा, उभे केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा २० किंवा खालचा १० ने घसरला तर उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो आहे असे समजा आणि डॉक्टरांना कळवा. त्या दिवशी मिळालेले तोलाचे गुण रक्तदाबाचे असतात, स्नायूंचे नव्हे. पार्किन्सनच्या रुग्णाने गोळी किती वाजता घेतली ते मिनिटासह लिहा, कारण गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर तो दोन वेगळी माणसे असावीत इतका बदलतो. रात्री झोपेची गोळी, लघवीची गोळी, नव्याने सुरू झालेले रक्तदाबाचे औषध, हेही लिहा. चष्मा कोणता? दुहेरी काचेच्या चष्म्यातून खाली पाहिले की पायरीची कड पुसट दिसते. मोतीबिंदूचे ऑपरेशन दोन चाचण्यांच्या मध्ये झाले असेल तर सुधारणेचे श्रेय कुणाला द्यायचे, ते आधीच ठरवा.

बर्ग : परीक्षक कुठे वेगळे पडतात

सूचनापत्रातला एक नियम बहुतेक जण विसरतात. प्रत्येक कृतीत रुग्णाला लागू होणारी *सर्वांत खालची* श्रेणी नोंदवायची असते. ‘आज दमला आहे, एरवी जमते’ म्हणून वरचा गुण देणे म्हणजे चाचणी मोडणे. काठी, वॉकर किंवा भिंत यांपैकी कशाचाही आधार बर्गमध्ये चालत नाही.

बहुतेक मतभेद ‘देखरेखीखाली’ या शब्दावरून होतात. परीक्षक जवळ उभा होता म्हणून एकजण ३ देतो. परीक्षक तर सगळ्यांच्याच जवळ उभा असतो म्हणून दुसरा ४ देतो. चार-पाच कृतींत ही श्रेणी आहे, म्हणजे एका शब्दावरून चार-पाच गुण इकडचे तिकडे. विभागात एक व्याख्या लिहून लावा. उदाहरणार्थ, परीक्षकाला रुग्णाच्या तोलाची काळजी वाटून हात पुढे न्यावा लागला किंवा तोंडी सावध करावे लागले, तर ‘देखरेख’. परीक्षक नियमाप्रमाणे हाताच्या अंतरावर नुसता उभा होता, तर ‘स्वतंत्र’.

पुढे झुकून हात लांबवण्याची आठवी कृती. बर्गमध्ये बोटे सरळ ठेवतात आणि बोटांच्या टोकांपासून मोजतात. २५ सेंमीला ४ गुण, १२ सेंमीला ३, ५ सेंमीला २. फंक्शनल रीच ही स्वतंत्र चाचणी वेगळी आहे. तिथे मूठ वळतात आणि मधल्या बोटाच्या मुळाच्या गाठीपासून मोजतात. दोन्ही करणाऱ्या विभागांत यांची सरमिसळ सर्रास होते. धड वळवून एक खांदा पुढे काढला की सहज पाच-सात सेंमी वाढतात. म्हणून जमेल तेव्हा दोन्ही हात पुढे घ्यायला सांगा. खांदा आखडलेल्या रुग्णाचा दुसरा हात वापरा आणि पुढच्या वेळीही तोच.

जमिनीवरची वस्तू उचलण्यासाठी चप्पल वापरतात. ती पायांपुढे कुठे ठेवायची, हे ठरवा. आम्ही १५ सेंमी सुचवतो, पण आकड्यापेक्षा तो दरवेळी सारखा असणे महत्त्वाचे.

पाय जुळवून उभे राहण्यात गुडघ्यांच्या संधिवाताने पाय धनुष्यासारखे वाकलेले रुग्ण अडतात. अर्धे आयुष्य कापूस वेचण्यात आणि निंदणीत गेलेल्या बायकांत हे फार दिसते. गुडघे अडून टाचा जुळतच नाहीत. पाय जमतील तेवढे जवळ घेऊन गुण द्या, टाचांमधले अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा आणि पुढच्या वेळी तेच अंतर ठेवा.

तेरावी कृती, एकापुढे एक पाऊल. टाचेला चवडा जुळवून ३० सेकंद टिकले तर ४. ते जमत नसेल आणि पुढचे पाऊल मागच्याच्या पूर्ण पुढे गेले तर ३. नुसते लहान पाऊल पुढे टाकून ३० सेकंद उभे राहिले तर २. या ३ आणि २ मध्ये नजरचूक होते, म्हणून वरून उभे राहून न पाहता बाजूने पाहा, पुढची टाच मागच्या अंगठ्याच्या पुढे गेली आहे का? एका पायावर उभे राहताना घड्याळ पाऊल जमिनीवरून सुटल्याबरोबर सुरू करा आणि पाऊल टेकल्यावर किंवा हाताने आधार घेतल्यावर थांबवा. १० सेकंदांच्या वर गेले तर ४. कोणता पाय, ते लिहा. लकव्याच्या रुग्णात पहिल्या वेळी चांगला आणि दुसऱ्या वेळी दुबळा पाय घेतला तर आकड्याला अर्थ राहत नाही.

वेळ वाचवणारी एक सोय सूचनापत्रातच आहे. आधाराशिवाय दोन मिनिटे उभा राहणाऱ्याला बसण्याच्या तिसऱ्या कृतीचे पूर्ण गुण देऊन पुढे जाता येते.

टीयूजी : सेकंद कुठे हरवतात

घड्याळ ‘चला’ या शब्दावर सुरू करायचे. ढुंगण खुर्चीवरून उठल्यावर नव्हे. ऐकू कमी येणाऱ्या रुग्णाला शब्दासोबत हाताची खूणही करा, दरवेळी. थांबवायचे पाठ टेकून बसल्यावर. कुणी बूड टेकल्याबरोबर थांबवतो, कुणी पाठ टेकल्यावर, आणि दोघांत एक सेकंदाचा फरक पडतो. वळताना दोन्ही पावले रेघेपलीकडे गेली पाहिजेत. चाल नेहमीची हवी. नातेवाईक बाजूने ‘‘जोरात, जोरात!’’ म्हणत असतील तर त्यांना नम्रपणे बाहेर बसवा. एक सरावाची फेरी, मग मोजायच्या दोन, त्यांची सरासरी. पहिल्या तपासणीला एकच फेरी आणि दुसरीला दोहोंतली चांगली फेरी, असे झाले की सुधारणा कागदावरच घडते.

सूचना कोणत्या बोलीत दिली, यानेही सेकंद बदलतात. जळगाव-धुळ्याच्या अहिराणी पट्ट्यात, यावल-रावेरच्या लेवा गणबोलीत, सातपुड्यातल्या पावरी-भिलीत वाढलेल्या ज्येष्ठाला पुस्तकी मराठी सूचना समजायला वेळ लागतो. तो अर्ध्यात थांबून ‘‘काय?’’ विचारतो आणि घड्याळ चालूच असते. तोलाच्या चाचणीत नकळत भाषेची चाचणी होते. प्रत्येक बोलीत एक वाक्य ठरवा, ती बोली घरात बोलणाऱ्याकडून तपासून घ्या, फॉर्मवर छापा आणि तेच वाचा. अहिराणीत ते असे होऊ शकते : ‘‘मी ‘चला’ म्हनसू तवय उठा, त्या पट्टीलगून रोजना मायक चाला, फिरीसन परत या अन् बठी जा.’’ तालुक्यागणिक शब्द बदलतील, ते तिथल्याप्रमाणे घ्या. नातवाकडून दुभाषाचे काम करून घेऊ नका. तो दरवेळी वेगळे सांगतो आणि सोबत धीरही देतो.

पडण्याच्या धोक्यासाठी अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था टीयूजीला १२ सेकंदांची सीमा वापरते. २००० सालच्या एका बहुचर्चित अभ्यासात ती १३.५ होती. या सीमा खुर्चीवर वाढलेल्या, बूट घालणाऱ्या लोकसंख्येवर बेतलेल्या आहेत. १२.४ सेकंद आले म्हणून ‘धोका’ आणि ११.८ आले म्हणून ‘सुरक्षित’ असा निकाल लावू नका. गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात, कुठे पडलात, पडण्याची भीती वाटते का, या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्याशेजारी ठेवा. बर्गमध्ये ४५ च्या खाली पडण्याचा धोका मानतात, ती सीमाही याच सावधगिरीने वापरावी.

सांभाळणे

चाचणी घेताना रुग्ण पडला तर बाकी सगळे व्यर्थ. कमरेला रुंद पट्टा बांधा, सहायक दुबळ्या बाजूला अर्धे पाऊल मागे उभा राहील, त्याचा हात पट्ट्याजवळ असेल पण ओढणार नाही. पट्टा ताणून धरला की रुग्णाला नकळत आधार मिळतो आणि गुण वाढतात. छातीत दुखणे, गरगरणे, दरदरून घाम, धाप यांपैकी काही झाले तर लगेच बसवा. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायावर भार द्यायची परवानगी सर्जनकडून लेखी आल्याशिवाय उभ्याने काहीही घेऊ नका.

आपल्या विभागाचा एमडीसी काढा

प्रसिद्ध आकडे दिशा दाखवतात. २००९ साली डोनह्यू आणि स्टोक्स यांनी ज्येष्ठांसाठी दिलेले बर्गचे एमडीसी असे आहेत : सुरुवातीचे गुण ४५ ते ५६ असतील तर ४ गुण, ३५ ते ४४ असतील तर ५, २५ ते ३४ असतील तर ७, आणि ० ते २४ असतील तर ५. मधल्या पट्ट्यात त्रुटी सर्वाधिक, कारण तिथेच ‘देखरेख’ आणि ‘थोडा आधार’ या श्रेणींचा खेळ चालतो. टीयूजीबद्दल लकव्याच्या जुन्या रुग्णांत सुमारे २३ टक्के, म्हणजे २० सेकंद लागणाऱ्याला ४.६ सेकंदांचा बदल हवा. अल्झायमरच्या रुग्णांत ९० टक्के खात्रीसाठी ४.०९ सेकंद.

पण तुमची खुर्ची, तुमचे परीक्षक, तुमचे रुग्ण वेगळे. स्वतःचा आकडा काढायला खर्च लागत नाही.

१. दोन परीक्षकांनी सूचनापत्र एकत्र वाचावे, वादाच्या श्रेणींच्या व्याख्या लिहाव्यात आणि तीन-चार रुग्णांवर सोबत सराव करावा. हे गुण मोजणीत धरायचे नाहीत.

२. वेगवेगळ्या पातळीचे दहा-बारा रुग्ण निवडा. सगळे चांगले चालणारे नकोत, सगळे खाटेवरचेही नकोत. निबंध छापायचा असेल तर निदान ३० लागतात.

३. पहिल्या परीक्षकाने आज, दुसऱ्याने एक-दोन दिवसांनी त्याच वेळी तपासावे. निम्म्या रुग्णांत क्रम उलटा करा, नाहीतर रुग्णाच्या सरावाचा फायदा नेहमी दुसऱ्या परीक्षकाला मिळतो. एकमेकांचे गुण पाहू नका.

४. प्रत्येक रुग्णाचा फरक लिहा. समजा दहा रुग्णांत दुसऱ्या परीक्षकाचे गुण वजा पहिल्याचे असे आले : +१, ०, −२, +१, +३, ०, −१, +२, ०, +१.

५. सरासरी फरक ०.५. म्हणजे दुसरा किंचित सढळ. ही सरासरी दीड-दोनच्या वर गेली असती तर आधी व्याख्यांवर बसून वाद मिटवायला हवा होता, पुढचे गणित नंतर.

६. या फरकांचे प्रमाण विचलन एक्सेलमध्ये काढा. इथे ते १.४३ येते. त्याला १.९६ ने गुणा. २.८, म्हणजे व्यवहारात ३ गुण. हा तुमच्या दोघांचा एमडीसी.

दहा रुग्णांवरून आलेला ३ हा आकडा सुखावणारा असला तरी तो नाजूक असतो. एखाद्या रुग्णातला सहा गुणांचा फरक त्याला एकदम वर नेईल. म्हणून प्रसिद्ध आकडा आणि स्वतःचा आकडा यांत जो मोठा असेल तो वापरा. दर सहा महिन्यांनी आणि नवा इंटर्न किंवा नवा सहकारी आला की पुन्हा तपासा.

व्हिडिओवरून गुण देऊन विश्वासार्हता काढण्याची पद्धत सोयीची आहे, सरावालाही उत्तम. पण त्यात दोघेही एकच चित्रण पाहतात. सूचना कशी दिली, खुर्ची कुठे ठेवली, रुग्ण त्या दिवशी कसा होता, हे सगळे फरक गायब होतात. व्हिडिओवरून आलेला एमडीसी नेहमी खोटा लहान असतो.

नोंद कशी लिहावी

‘बर्ग ४२, सुधारणा’ इतके पुरेसे नाही. असे लिहा : ‘बर्ग ४२/५६, आधी ३८, फरक ४, या पातळीचा एमडीसी ५. खरा बदल म्हणता येत नाही. अनवाणी, सकाळी ९.३०, उपास नाही, परीक्षक तोच. वाढलेले गुण : कृती ८ (+१), ११ (+१), १२ (+२).’ शेवटची ओळ सोडू नका. बेरीज एमडीसीच्या आत असली तरी कुठल्या कृती हलल्या हे पाहून पुढच्या व्यायामाची दिशा ठरते.

फरक एमडीसीच्या पलीकडे गेला तरी त्याने रुग्णाच्या जगण्यात काही बदलले का, हा प्रश्न उरतोच. सहा गुण वाढले, पण आजी अजूनही संडासला जाताना सुनेचा हात धरते का? उलट, ३ गुणच वाढले, पण रात्री उठून माठापर्यंत एकट्या जाऊन येतात का? दोन्ही लिहा. वॉकर सोडवण्याचा निर्णय एकट्या आकड्यावर कधीच घेऊ नका. एमडीसीच्या पलीकडचा बदल दोन सलग चाचण्यांत टिकला, पडण्याचा प्रसंग नाही, उभ्याचा रक्तदाब ठीक आहे आणि घरचा उंबरठा, न्हाणी, ओट्याच्या पायऱ्या तिथे जाऊन पाहिल्या आहेत, एवढे जुळले की वॉकर सोडवायला हरकत नाही.

दोन चाचण्यांत किती अंतर ठेवावे? आठवड्याला बर्ग घेऊन काही साधत नाही. तेवढ्यात एमडीसीपलीकडे क्वचितच कोणी जातो आणि रुग्ण कृती पाठ करतो. भरती रुग्णांत दोन आठवडे आणि ओपीडीत चार ते सहा आठवडे योग्य. मधल्या काळात चालण्याचा वेग मोजा. मधले चार मीटर मोजायचे, पुढेमागे एकेक मीटर मोकळे ठेवायचे. दवाखान्याच्या व्हरांड्यात किंवा घरच्या अंगणातही ते होते. ज्येष्ठांत सेकंदाला ०.१ मीटरचा बदल ठळक आणि अर्थपूर्ण मानतात. अंगणात मोजत असाल तर शेणाने नुकत्याच सारवलेल्या ओल्या जागेवर नको, आणि दुसऱ्या वेळी तोच पट्टा, तीच दिशा. उतार असेल तर जाऊन-येऊन दोन्हींची सरासरी घ्या.